नववी ओळ

१

पानमळ्यात शिरायचं तर आधी वहाणा बाहेर काढायच्या, पाटाच्या पाण्यात पाय धुवायचे आणि मग कमरेत वाकून ताटीच्या बुटक्या दारातून आत जायचं. शालूच्या घरात हे कोणी कोणाला शिकवत नसे. लहान मूल उंबरठा आला की पाय उचलतं, तसंच हे. आत गेलं की आणखी एक गोष्ट आपोआप होई. आवाज खाली येई. मळ्यात मोठ्यानं बोलायचं नाही आणि भांडायचं तर मुळीच नाही. भांडण ऐकलं की पानवेल रुसतो, पानं पिवळी पडतात, असं सगळेच मानत. शालूचे बाबा जानराव आणि काका गोवर्धन यांना वाद घालायची अगदीच निकड आली, तर ते ताटीबाहेर येत, वहाणा चढवत, पोटभर वाद घालत आणि पुन्हा पाय धुऊन आत जात. ताटीशी पानं लावत बसलेल्या माय आणि काकू तेवढा वेळ हात थांबवून ऐकत, आणि दोघे आत गेले की पदर तोंडाला लावून हसत.

मळा गावाबाहेर, तेल्हाऱ्याच्या वाटेला लागून होता. चारी बाजूंनी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आणि तुरीच्या तुराट्यांचा उंच कूड. आत शेवरीच्या सरळ झाडांच्या सतरा ओळी, आणि प्रत्येक शेवरीवर चढवलेला पानवेल. वर पानांना पानं भिडलेली, त्यामुळे बाहेर कितीही ऊन असो, आत कायम दिवस मावळत आल्यासारखा उजेड. दोन ओळींपलीकडचा माणूस दिसत नसे. तो फक्त ऐकू येई. पानं खुडताना अंगठ्यात लोखंडी नखी घालतात, तिचा आवाज होतो. टिक्. टिक्. कोण कुठल्या ओळीत आहे, हे शालू डोळे मिटून सांगायची. बाबांची टिक् सावकाश, काकांची भरभर, कोणी मागे लागल्यासारखी.

वेल वाढला की तो शेवरीला बांधावा लागतो. बांधायला लव्हाळा, पाण्यात भिजवून मऊ केलेला. या मळ्यात हे काम दोघांचं होतं. काका एका बाजूनं वेल सरळ धरत आणि बाबा पलीकडून गाठ मारत. मध्ये पानांची भिंत, म्हणून एकमेकांचं तोंड दिसत नसे, हात तेवढे दिसत. "धर." "घे." "दे." "सोड." एवढ्या चार शब्दांत आख्खी ओळ बांधून होई. बांधताना बाबा नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत. त्याला ना शब्द, ना धड चाल. घरी कोणी विचारलं तर म्हणत, "मी कुठं गातो? मले काय येते गानं?"

घरातल्या मोठ्या बायका मळ्यात पाऊल टाकत नसत. शालूही आणखी वर्षभरानं ताटीबाहेरच बसणार होती. म्हणून जेवढं आत राहता येईल तेवढं ती राहून घेत होती. शाळेत तिला उभं करून काही विचारलं तर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मळ्यात कोणीच जोरात बोलत नसल्यामुळे तिथं तिचं बरं चाले.

२

वाटणी का झाली, हे शालूला नीट सांगता आलं नसतं. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एक बोर होती, तिच्या फांद्या कोणी छाटायच्या यावरून बोलणं निघालं. मग काळ्या मातीचं वावर वाटलं गेलं. मग घरात दोन चुली झाल्या आणि मधल्या दारावर काकांनी आतून अडसर घातला. मळा तेवढा शेवटी राहिला होता.

सतरा ओळी. आठ थोरल्याच्या, आठ धाकट्याच्या. मधली, नववी, कोणाची?

बाबा म्हणाले, मी थोरला. काका म्हणाले, त्या ओळीची शेवरी मी डोक्यावर वाहून आणली. ती ओळ दोघांनी मिळून लावली होती, हे शेजारच्या मळ्यातल्या नत्थुजींपासून सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तसं म्हणून वाटणी होत नाही.

पोळ्याच्या आधल्या दिवशी ते झालं. शालू तिसऱ्या ओळीत होती. दोन्ही नख्या तिच्या कानावर होत्या, एक सावकाश, एक भरभर, नवव्या ओळीच्या अल्याड आणि पल्याड. मग दोन्ही थांबल्या.

"हात काढ तिथून," बाबा म्हणाले.

"तुमी काढा, दादा."

"मी थोरला हावो."

"थोरले असान घरी."

आणि मग आवाज चढले. शालूच्या जन्मात पहिल्यांदा त्या कुडाच्या आत कोणी ओरडत होतं. दोन भावांनी एकमेकांना जे म्हटलं ते तिनं पुढं कोणालाही सांगितलं नाही. तिला शब्दांपेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. ते गप्प झाले तेव्हा मळाही गप्प झाला. वर पानांची जी बारीक सळसळ कायम चाललेली असते, जी असते हेसुद्धा एरवी ध्यानात येत नाही, ती बंद झाली होती. मोजून चार श्वास. मग पुन्हा सुरू झाली.

दोघे वेगवेगळ्या वाटेनं बाहेर गेले. त्या दिवसापासून ते एकमेकांशी बोलले नाहीत. प्रकरण अकोल्याला कोर्टात गेलं, आणि दसऱ्याच्या सुमारास हुकूम आला, की निकाल लागेपर्यंत नवव्या ओळीत दोघांपैकी कोणी हात घालू नये.

"दिवाळीपर्यंत वाळून जाईन," नत्थुजी ताटीशी टेकून मायला म्हणाले. "बांधला नाई तं वेल खाली लोळते, अन् लोळला का सडते. मंग घ्या म्हना दोघंबी कोर्टाचा कागद पानासारखा चुना लावून खायले."

३

कार्तिकातल्या एका सकाळी शालू आठव्या ओळीत खुडत होती. नवव्या ओळीकडे पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, मेलेलं पाखरू दिसलं की तोंड फिरवतात तसं. पण पानं भरून टोपली उचलताना तिची नजर गेलीच.

वेल उभे होते. एकही लोळला नव्हता. शेंड्यापर्यंत सरळ, आणि पानं तळहाताहून रुंद, काळीभोर. तिनं वाकून जवळून पाहिलं. शेवरीला लव्हाळा बांधलेला होता. हिरवा, ताजा. त्यातून अजून पाणी टपकत होतं.

गाठ बाबांची होती. दोन वेढे आणि शेपूट खाली खोवलेलं. काका गाठ मारत तेव्हा शेपूट वर राही, आणि नत्थुजी तर ते कापूनच टाकत. ही गाठ शालूनं हजार वेळा पाहिली होती.

ती तिथंच टोपली धरून उभी राहिली आणि तिला हसू आलं. बाबा चोरून येत असणार. आणि बांधणं तर एकट्याचं काम नाही. म्हणजे काका धरत असणार. लोकांसमोर कोर्ट-कचेरी करायची आणि इथं येऊन गुपचूप चार शब्दांत ओळ बांधायची. आता माघार कशी घ्यायची, याची दोघांना लाज वाटत असेल. मोठ्या माणसांचं असंच असतं. शालूनं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. आठ-दहा दिवस तिनं ती खडीसाखरेसारखी जिभेखाली धरून ठेवली.

४

मग एका दुपारी बाबा जेवता जेवता मायला म्हणाले, "गोवर्धन चोरून ओळ बांधून राहिला. हुकूम मोडला त्यानं. मी सांगतो वकिलाले."

शालूचा घास हातात राहिला.

"तुमी पाह्यलं का त्याले?" मायनं विचारलं.

"पाहाले कायले पाह्यजे? मी नाई बांधली, तं दुसरं कोन बांधन?"

बाबा खोटं बोलले की त्यांचे कान लाल होत. आता कान नेहमीसारखे होते.

त्यांच्या स्वतःच्या आठ ओळींत मात्र वेल घसरू लागले होते. एकटा माणूस धरणार काय आणि बांधणार काय, म्हणून असेल, असं आधी सगळ्यांना वाटलं. मग शालू धरायला जाऊ लागली. तिनं वेल शेवरीशी सरळ धरला. पलीकडून बाबांची बोटं आली, लव्हाळा वेलाभोवती एकदा फिरला आणि थांबला. बोटं तशीच राहिली, वाटेत नाव विसरलेल्या माणसासारखी.

"बाबा?"

"थांब न. पाहू दे." बोटांनी लव्हाळा उलटा फिरवून पाहिला. "शाले, याच्यापुढं काय करतो मी?"

तिला गंमत वाटली. "दोन येढे, अन् शेपूट खाली."

"हो, हो. मले माईत हाये."

गाठ संध्याकाळपर्यंत सुटली. दुसऱ्या दिवशीच्याही सुटल्या. माय ताटीबाहेरून ऐकवू लागली. "बाजाराच्या टोपल्यात पानांसंगं हातबी देऊन आले का तुमी? मंगळवारच्या बाजारात पाहा, कोनी इकत घेतले नसन तं." एरवी बाबांनी उत्तराला उत्तर दिलं असतं. आता ते नुसते आपल्या हातांकडे पाहत.

गुणगुणणंही बंद होतं. शालूनं एकदा वेल धरून उभ्या उभ्या ती बिनशब्दांची चाल स्वतःच म्हटली. त्यांना हसवावं म्हणून.

"हे काय वं?" बाबांनी विचारलं. "कुठून शिकली?"

काकूची आणि तिची भेट आता विहिरीवरच होई. सत्यभामाकाकूला मूलबाळ नव्हतं आणि शालूची वेणी तिनं पहिल्यापासून घातलेली होती. दोन चुली झाल्या तरी वेणीची वाटणी काही झाली नाही. माय रोज सकाळी शालूचे केस मोकळे सोडून तिला पाण्याला धाडी आणि शालू वेणी घालून परत येई. त्यावर घरात कोणी काही बोलत नसे.

"तुह्या काकाले कायतरी झालं बाई," काकू केसांचे पेड घालताना म्हणाली. "वेल धरते अन् हातच सुटते त्याचा. काल पान्याचा गुंड पायावर सोडला. अन् माह्याकडं असं पाह्यते, का मी कोन्या गावची पावनी." ती हसली, पण वेणी जरा जास्तच घट्ट ओढली गेली. "तुह्या बापाले सांग, तुमचे वेल पडले, आमचे वेल पडले. आता भांडा म्हना, कोनाचे जास्त पडले त्याच्यावर."

"अन् नववी ओळ?"

काकूचा हात थांबला. "तिचं नाव नोको काढू."

५

तोड नत्थुजींनीच काढली. ओळ याचीही नको, त्याचीही नको. ती मुळासकट तोडावी आणि तिच्या जागी कूड घालावा. मळे दोन, ताट्या दोन, तंटा संपला. सहा महिन्यांत दोन्ही भावांनी एकाच गोष्टीला मान हलवली ती ही.

तसा कागद कोर्टात द्यायला दोघे अकोल्याला निघाले. बैलांच्या दोन वेगळ्या रेंग्या, पुढं बाबांची, मागं काकांची, आणि साक्षीला नत्थुजी बाबांच्या रेंगीत. शालूनं दोन्ही रेंग्या वेशीबाहेर जाईपर्यंत पाहिल्या होत्या.

शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी गावातल्या खुशालरावांच्या घरून निरोप आला, की मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे, पन्नास पानं पाहिजेत. मायनं शालूला धाडलं.

तिनं वहाणा काढल्या, पाय धुतले, वाकून आत गेली. चौथ्या ओळीत उभी राहिली आणि नखी अंगठ्यात घातली. पहिलं पान खुडायच्या आधीच ऐकू आलं.

टिक्.

सावकाश. मग जरा पलीकडे, भरभर, टिक् टिक् टिक्.

शालूनं विचार केला. नत्थुजींच्या मळ्यातला आवाज असेल. पण त्यांचा मळा मावळतीला, आणि आवाज उगवतीकडून येत होता. चोर असेल. पण चोर एवढ्या निवांत खुडत नाही. तिनं स्वतःला सांगितलं की परत जावं, मायला आणावं. मग आठवलं की माय आत येणार नाही. हे सगळं ती मनाशी बोलत असताना तिचे पाय चालतच होते. पाचवी, सहावी, सातवी. आठव्या ओळीत ती थांबली, कारण खुडणं थांबलं होतं आणि आता दुसरंच चाललं होतं.

"धर."

"हं."

"सोड."

आणि नाकातल्या नाकात ते गुणगुणणं. ना शब्द, ना धड चाल.

पानांच्या फटीतून हात दिसत होते. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख अर्धं. बाबांचं नख मोटेच्या दोरात गेलं होतं, शालू चार वर्षांची असताना. पलीकडून वेल धरलेला हात होता, त्याच्या मनगटात काकांचं तांब्याचं कडं. लव्हाळा दोनदा फिरला, शेपूट खाली गेलं. हात पुढच्या शेवरीकडे सरकले. काका हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले आणि दोघे हसले, मळ्यात हसतात तसं, ओठ मिटून.

मग पानं बाजूला झाली आणि अर्ध्या नखाचा हात शालूच्या समोर आला. तळवा वर.

"शाले, लव्हाळा."

तिच्या पायाशी पाण्याचं मडकं होतं, त्यात जुडी भिजत होती. ते तिथं कोणी ठेवलं, हे तिला माहीत नव्हतं. तिनं एक काडी काढून त्या हातावर ठेवली. बोटं मिटली, आणि मिटताना तिची बोटं जराशी दाबली गेली, बाबा पूर्वी दाबत तशी. हात ऊबदार होता. तो थंड असता तर तिला एवढी भीती वाटली नसती.

"शानी हाये माही," पलीकडून आवाज आला.

दोन पानं सारली असती तर तोंड दिसलं असतं. तिनं हात उचललाही. एक कान दिसला, गालाचा थोडा भाग, हसताना वर गेलेला. तिनं हात खाली घेतला. पलीकडे भलतंच कोणी असेल याची तिला भीती नव्हती. ते बाबाच असतील, याची होती.

खुशालरावांच्या घरी त्या दिवशी पानं नत्थुजींच्या मळ्यातून गेली.

६

रेंग्या दिवे लागायच्या वेळेला आल्या. बाबा धुळीनं भरले होते. शालूनं पाय धुवायला पाणी दिलं आणि त्यांच्या बोटाकडे पाहिलं. अर्धं नख.

"बाबा, तुमी दुपारी कुठं होते?"

"अकोल्याले. तुले माईत नाई?"

नत्थुजी ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. "दिवसभर माह्या मांडीले मांडी लावून बसला होता तुहा बाप," ते म्हणाले. "सावलीत सरक म्हनलं तं तेबी नाई सुचलं त्याले. उन्हातच बसून राह्यला."

म्हणजे दुपारचं ते आपल्या मनाचंच काहीतरी, असं शालूनं ठरवून पाहिलं. ऊन लागलं असेल. जेवण उशिरा झालं होतं. पण तिच्या बोटांना लव्हाळ्याचा वास येत होता, आणि मळ्यातून आल्यावर तिनं हात दोनदा धुतले होते.

जेवताना बाबा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. रस्त्यात भेटलेल्या मुलीची आपण चौकशी करतो, तसं त्यांनी विचारलं, "तू कितवीत हाये वं आता?"

मायनं मान वर केली, आणि ताटात भाकर वाढायची सोडून ती तशीच धरून राहिली.

"सहावीत," शालू म्हणाली.

"असं, असं."

परवा सकाळी ओळ तोडायची होती. बाबांनी कोयता काढून कोनाड्यात ठेवला होता. शालू त्या कोयत्याकडे पाहत बसली. घरातून बाबांचं जे जे गेलं होतं, ती गाठ, ती चाल, ते बोट दाबणं, ते सगळं कुठं आहे हे या घरात तिला एकटीला ठाऊक होतं. काकूच्या घरातलंही तिथंच होतं. आणि परवा ते दोघं मिळून तेच तोडणार होते.

७

सोमवारी सकाळी ताटीशी सगळे जमले. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला काकू, मध्ये नत्थुजी. दोन्ही भावांच्या हातात कोयते. पाय धुवायला ते वाकले तेव्हा शालू ताटीच्या पुढं जाऊन उभी राहिली.

नत्थुजी म्हणाले, "बाजूले हो, माय माही."

"एकडाव बांधा," शालू म्हणाली.

"काय?"

"नववी ओळ. काकानं धरावं, बाबानं बांधावं. एकडाव. मंग तोडा."

"तोडाच्या ओळीले बांधाचं कायले?" काका म्हणाले. सहा महिन्यांत ते तिच्याशी प्रथमच बोलत होते.

शालूच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याची तिला लाज वाटली. ती हलली मात्र नाही. तेवढ्यात काकू बोलली. "लेकरू काय मळा मांगून राह्यलं का तुमच्याजोळ? एक गाठ मांगून राह्यलं. तेबी वकिलाले इचारता का?"

नत्थुजी हसले. त्यांनी दोघांच्या हातातले कोयते काढून घेतले. "जा. तोडाची तं हायेच. पोरीचा शब्द राह्यला म्हनून काय कूड पडत नाई."

दोघे आत गेले. एक अल्याडच्या वाटेनं, एक पल्याडच्या. पाय कोरडेच होते. शालू मध्ये उभी असल्यामुळे कोणी धुतलेच नव्हते. हे तिच्या लक्षात आलं आणि ती ते बोलली नाही.

बाहेरच्यांना फक्त ऐकू येत होतं. आधी सुक्या पानांवरची पावलं. मग बाबांचा आवाज, "नीट धर." काकांचा, "धरलं न." मग काहीच नाही. मग दोघांचं एकदम बोलणं, चढत गेलेलं, आणि मायनं डोळे मिटले. आणि ते मध्येच थांबलं. सळसळही थांबली. शालूनं मोजायला सुरुवात केली. एक श्वास. दोन. तीन. चार झाले. पाच झाले. ती कुडाशी गेली आणि तुराट्यांच्या फटीला तिनं डोळा लावला.

आत अंधुक होतं. नवव्या ओळीच्या अल्याड तिला बाबांचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत. ते धुळीनं भरले होते. त्यांना लागून, अगदी जवळ, दुसरे दोन पाय होते. ते ओले होते.

तिनं डोळा काढला.

"घे," आतून आवाज आला.

"दे."

आणि मग ते गुणगुणणं. काकूनं तोंडावर हात ठेवला. माय रडू लागली. नत्थुजी कोयते खाली ठेवून पागोट्याच्या टोकानं नाक पुसत राहिले. बराच वेळ ते चार शब्द येत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आख्खी ओळ.

काका आधी बाहेर आले, मग बाबा. दोघांचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखले होते. पाट फुटला असेल, असं शालूनं मनाशी म्हटलं.

"सत्यभामे," काका म्हणाले, "भाकर थापली का नाई? का भांडनावरच पोट भरू?"

"कोयते घेऊन काहून बसले नत्थुजी?" बाबा म्हणाले. "कोनाची दाढी करता?"

"अन् ओळ?" नत्थुजींनी विचारलं. "तोडाची नाई?"

"काय तोडाचं?" बाबा म्हणाले. त्यांना ते खरंच कळलं नव्हतं. त्यांनी शालूच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या वेणीचं टोक ओढलं आणि म्हणाले, "सहावीतली पोट्टी रडते का कुठं?" त्यांना इयत्ता आठवत होती. शालूला आणखी रडू आलं, आणि तिनं त्यांच्या चिखलाच्या पायांना मिठी मारली असती, सगळ्यांसमोर, पण तिला तसं कधी करता येत नसे.

सगळे गावाकडे निघाले. दोघे भाऊ जोडीनं, मागं दोघी जावा एकमेकींचा हात धरून, त्यांच्या मागं नत्थुजी. माय वळून म्हणाली, "ताटी लाव वं शाले."

शालू ताटी ओढायला वाकली.

आत, खोलवर, कोणीतरी बोलत होतं. आवाज थकलेले होते.

"मी थोरला हावो."

"थोरले असान घरी."

मग ते थांबले. सुक्या पानांवर कोरडी पावलं वाजली, दोन-चार, आणि चुकल्यासारखी थबकली.

"कोन हाये ताटीपाशी?" आवाज बाबांचा होता. परवा तिला इयत्ता विचारणाऱ्या बाबांचा. "शाले? वाट दिसून नाई राह्यली, बाई. इथून कसं येतो मी?"

तिचे हात ताटीवर होते. आत जायला नुसतं आणखी जरा वाकायचं होतं. ओळी तिला पाठ होत्या. हाताला धरून तिनं त्यांना पाच मिनिटांत बाहेर आणलं असतं.

"शाले," मागून रस्त्यावरून हाक आली. बाबा थांबले होते. बाकीचे पुढं गेले होते आणि ते एकटेच उन्हात उभे राहून, हात पुढं करून, तिची वाट पाहत होते. गुणगुणत होते. "चाल न. थांबलो मी."

शालूनं ताटी ओढली आणि खुंटी बसवली. ती घट्ट बसली का, हे हलवून पाहिलं.

"आली, बाबा," ती म्हणाली.

"ये," आतून आवाज आला, जिवात जीव आल्यासारखा. "सावकाश ये. मी हावो इथंच."

ती रस्त्याकडे चालू लागली.